शोभेची चिमणी

जुन्या घराला मिस्त्री शोधणारा माणूस हल्ली आधी फोटो पाठवतो. एक भिंतीचा, एक छताचा आणि तिसरा चुकून स्वतःच्या अंगठ्याचा. मग लगेच फोन. ‘‘मिस्त्री, फोटो बघितले का? काय घ्याल ते सांगा.’’ अरे बाबा, मुलीला स्थळ बघताना नुसत्या फोटोवर ठरवतोस का? घरी जातोस, चार ठिकाणी चौकशी करतोस, मुलगा दारू पितो का ते शेजारच्यांना विचारतोस. मग आजोबांनी बांधलेल्या घराला कोणाचा हात लावायचा हे कपभर चहा थंड व्हायच्या आत कसं ठरवतोस?

मी काष्टीचा. उभा जन्म दगडमातीच्या जुन्या घरांच्या दुरुस्तीत गेला. आता गुडघे बोलायला लागलेत, म्हणून लहानसहान कामंच घेतो. दिवाळी अंकवाल्यांनी सांगितलं, ‘‘कामातले मजेदार अनुभव लिहा.’’ मजेदार अनुभव पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलं की एकच काम डोळ्यांपुढे येतं आणि डोकं फिरतं. ऐन दिवाळीत वाचकांना फराळाऐवजी राग वाढतोय, त्याला माझा इलाज नाही.

आधी थोडं धंद्याबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. आमच्याकडची जुनी भिंत म्हणजे बाहेरून दगड, आतून दगड आणि मधे मातीचा गारा. ती पावसाळ्यात ओल पिते आणि उन्हाळ्यात सोडते. तिच्यावर माती लिंपा नाहीतर चुना लावा, ती खूश असते. सिमेंटचा गिलावा केला की तिचं नाकतोंड बंद. ओल आत शिरते ती शिरते, बाहेर पडायला वाट नाही. मग आतली माती फुगते आणि भिंतीला पोट सुटतं. पुणतांब्याला एका गृहस्थाने मी नको नको म्हणत असताना भिंतीला सिमेंट केलं आणि त्यावर चकचकीत ऑइलपेंट मारला. दोन पावसाळ्यांनी त्याचा फोन आला, ‘‘मिस्त्री, भिंत पुढं आलीय हो!’’ मी म्हटलं, ‘‘आता तिला डोहाळजेवण करा.’’ त्याने फोन आपटला. मला काही वाईट वाटलं नाही.

भिंतीचं जे, तेच धुराड्याचं. जुन्या घरात चुलीच्या वर धूर जायला छतात भोक असायचं, त्यावर बूड फुटलेलं मडकं पालथं घातलेलं. ते घराचं नाक. विटांची खरीखुरी चिमणी खेड्यात सहसा नसते. पण काष्टीपासून जवळच्या एका गावात रंगनाथअण्णांच्या घरी ती होती. अण्णांचे आजोबा नगरच्या लष्करात कोणा साहेबाच्या बंगल्यावर स्वयंपाकी होते. गावी घर बांधलं तेव्हा त्यांनी हट्टाने साहेबाच्या बंगल्यासारखी चिमणी बांधून घेतली. तेव्हापासून गावात त्या घराला ‘चिमणीवाले’ म्हणतात. अण्णांची बारा एकर बागायत आहे, ऊस आहे, पण त्यांची मान ताठ होते ती चिमणीचा विषय निघाला की.

अण्णांची एकुलती एक लेक रोहिणी. तिचं पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं आणि अण्णांनी घर नवं करायला काढलं. लेक येणार, पाहुणे येणार, घर कसं दिसलं पाहिजे! मला विचारायला आले होते. मी घर बघितलं आणि सांगितलं, ‘‘अण्णा, भिंती ठणठणीत आहेत. धाब्याच्या छतावरची माती बदलू, चिमणी आतून खरवडू. स्लॅबच्या भानगडीत पडू नका.’’ अण्णा हो हो म्हणून गेले आणि आठ दिवसांत दुसऱ्याला काम दिलं.

हा दुसरा म्हणजे शहरातला ठेकेदार. मांडीवर कॉम्प्युटर घेऊन आला. त्यात अण्णांचं घर आधीच नवं झालेलं होतं, दारात निळी गाडीसुद्धा उभी होती. अण्णांकडे निळी गाडी नाही. पण पडद्यावर बघून माणूस भुलतो. ठेकेदार म्हणाला, ‘‘चिमणी तशीच ठेवू. लुक येतो.’’ एवढ्यावर अण्णा गार.

त्याने धाबं उतरवून स्लॅब टाकला. चुलीची खोली होती, तिची निजायची खोली केली, कारण आता स्वयंपाक गॅसवर. खाली पांढरंशुभ्र पीओपीचं छत आणि चिमणीच्या बरोबर खाली प्लॅस्टिकची जाळी. ‘‘हवा खेळती राहील,’’ असं त्याने अण्णांच्या बायकोला, सिंधूवहिनींना सांगितलं. वर चिमणीला गेरू, विटांच्या मधून पांढऱ्या रेघा. ठेकेदाराने तिचा फोटो काढून मोबाईलच्या स्टेटसला लावला आणि वर लिहिलं, ‘जुनं ते सोनं’. लोक त्याला फोन करायला लागले. जुन्या घरांचा मोठा जाणकार झाला तो.

पहिल्याच पावसाळ्यात चिमणीच्या बुडाशी ओल आली. ठेकेदार येतो येतो म्हणत राहिला. शेवटी बाजारच्या दिवशी अण्णांनी मला चहाच्या दुकानात गाठलं. मान खाली घालून म्हणाले, ‘‘मिस्त्री, तेवढी गळती बघा ना.’’ मी टोमणा मारणार होतो, पण माणूस भला. हातातली कामं उरकून जायला मला थंडी उजाडली.

बरोबर आमची कौसा होती. कौसा म्हणजे माझी बायको. लग्न झाल्यापासून ती माझ्याबरोबर कामावर येते, माल कालवते, घमेली देते आणि माझं चुकलं तर चारचौघांत सांगते. ती अंगणात माल कालवायला बसली, मी शिडी लावून वर गेलो.

जुन्या चिमणीला हात लावायच्या आधी तिच्यात ओळंबा सोडायचा, ही आमची रीत. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, भिंत सरळ आहे का ते बघायचं. चिमणीत सोडला की आत कुठे वीट निखळली, कुठे पारव्यांनी घरटं केलं ते कळतं. चालत्या चिमणीतून ओळंबा वर येतो तो काजळीने काळा होऊन.

मी दोरी सोडली. ओळंबा दोनेक हात गेला आणि टक्‌ करून थांबला. हलवला, पुन्हा सोडला. टक्‌. वर ओढला तर काजळीचा कण नाही. बुडाला सिमेंटची भुकटी.

खाली अण्णा शिडी धरून उभे होते. मी विचारलं, ‘‘अण्णा, हिच्या खाली काय हाय?’’

‘‘रोहिनी हाय की. बाळंतीन. चार दिस झालं दवाखान्यातनं आनली.’’

‘‘शेगडी ठिवली का बाजंखाली?’’

‘‘मग! थंडी केवढी पडलीय. आत्ताच नवा निखारा घातला तिच्या आईनं.’’

शेगडीचं ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. बाळंतिणीला आणि बाळाला शेक म्हणून बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतात. तिच्यावर ओवा, शेपा टाकून धुरी देतात. आणि बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून दार लावायचं, दाराला घोंगडी लावायची, फटींत चिंध्या कोंबायच्या. आमच्या आया, आज्या सगळ्या अशाच बाळंतपणातून उठल्या. का उठल्या? कारण वर धुराडं उघडं होतं, निखाऱ्याची विषारी हवा तिथून निघून जायची. त्या रीतीतलं अर्धं शहाणपण छतात होतं आणि छत तर आपण बदललं.

मी कसा उतरलो ते मला आठवत नाही. सिंधूवहिनी दाराशी बसून ओवा निवडत होत्या. मी म्हटलं, ‘‘वैनी, दार उघडा. शेगडी भाईर काढा.’’

‘‘का वं?’’

‘‘चिमनी बुजवलीय. आतली हवा कुठं जात न्हाई. पोरगी मरंल.’’

‘‘काय अभद्र बोलताय मिस्त्री! जाळी हाय, चिमनी हाय. ती बघा की उभी हाय!’’ आणि त्यांनी खरोखर हात वर करून मला चिमणी दाखवली.

मी दाराकडे वळलो तशा त्या आडव्या आल्या. ‘‘सुवेर हाय. बापय मानसानं आत जायचं न्हाई.’’ बाळंतपणाचा विटाळ. मी अण्णांकडे बघितलं. बाप तो. पण तोही उंबऱ्याच्या अलीकडे खिळून उभा. मी आतल्या बाजूला हाक मारली, ‘‘रोहिनी! ए पोरी!’’ आतून हूं नाही की चूं नाही.

‘‘झोपली आसंल,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘दोन दिस झालं डोकं दुखतंय म्हनत हुती. वकलीबी सकाळी. बाळंतिनीचं डोकं दुखतंच.’’

हे ऐकून माझ्या तोंडून जी शिवी गेली ती अंकात छापता येणार नाही. तेवढ्यात कौसा आली. तिने हातातलं फावडं टाकलं, वहिनींना खांद्याने बाजूला सारलं आणि घोंगडी ओढून दार लाथेने उघडलं. आधी बाळ आणून वहिनींच्या ओटीत टाकलं. मग घमेलं घेऊन आत गेली, शेगडी त्यात उचलली आणि अंगणात भिरकावली. तिची बोटं पोळली, ती तिला संध्याकाळी दिसली. तिसऱ्यांदा आत गेली ती ओरडतच बाहेर आली, ‘‘मला एकलीला उचलंना! अण्णा, या की आत! लेक तुमची हाय का माजी?’’

तेव्हा अण्णांनी उंबरा ओलांडला. मीही गेलो. गोधडीसकट पोरीला बाहेर आणलं. मान लटकत होती, हात गार. बाळ अंगणातल्या उघड्या हवेवर आधी नुसतंच तोंड उघडत होतं. मग रडलं. लहान पोर रडल्याचा एवढा आनंद मला माझ्या नातवंडांच्या वेळीही झाला नव्हता. शेजारच्याचा टेम्पो होता, त्यात घालून दोघींना दवाखान्यात नेलं. वाटेत रोहिणीने डोळे उघडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून थोडा वेळ गेला असता तर आम्हाला काही करता आलं नसतं.

दोघी वाचल्या. तेव्हा राग तिथेच संपायला हवा होता. माझा राग तिथे सुरू झाला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मी अण्णांना सगळं समजावून सांगितलं. खालून जाळी, वरून चिमणी आणि मधे स्लॅबच्या वेळी कोंबलेला राडारोडा, वरून सिमेंट. अण्णा ऐकत होते आणि ऐकतही नव्हते. त्यांनी माझ्यासमोर ठेकेदाराला फोन लावला. तो म्हणाला, ‘‘कोण म्हणतं बुजवली? चिमणी उघडी आहे अण्णा. आत बाक आहे, मिस्त्रींचा ओळंबा तिथं अडकला असेल. वय झालंय त्यांचं.’’ आणि अण्णांचा चेहरा निवळला! मी म्हटलं, ‘‘अण्णा, वर चला, हात घालून बघा.’’ तर म्हणतात, ‘‘जाऊ द्या मिस्त्री. देवीनं राखलं. पोरगी वाचली, मिळवलं.’’

तेव्हा मी संतापून घरी गेलो. कौसा मला म्हणाली, ‘‘तुमाला कळंना व्हय? तुमचं खरं धरलं तर त्यांनीच लेकीला कोंडली आसं हुतंय. कोन बाप धरंल?’’ ते मला पटलं. पण पटलं म्हणून राग कमी झाला नाही. उलट ठेकेदाराचा आणखी आला, कारण बापाच्या त्याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवून तो सुटत होता.

लोक मला विचारतात, चांगला मिस्त्री ओळखायचा कसा? सांगतो. जो तुम्ही बोलायच्या आधी भाव सांगतो, त्याला चहा देऊन वाटेला लावा. जो वर चढतो, भिंतीला कान लावतो आणि तुम्हालाच प्रश्न विचारतो, चूल कुठे होती, ओल कधी येते, या खोलीत कोण झोपतं, त्याला काम द्या. शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा. खोलीत माणूस असतो, हे ज्याला आठवत नाही त्याच्या हातात थापी देऊ नका.

रोहिणी घरी आली आणि लांबलेलं बारसं घातलं. आम्हा दोघांना आमंत्रण होतं. मी जाणार नव्हतो, कौसाने नेलं. अंगणात मांडव, एका कडेला मोठी चूल पेटवून जेवण शिजत होतं. वर चिमणी गेरूत लालबुंद. आणि अण्णांच्या शेजारच्या खुर्चीवर, पांढरा शर्ट, डोक्यावर गॉगल, ठेकेदार! बाळाला टोपडं-अंगडं घेऊन आला होता.

पंगत बसायची होती. कोणीतरी विषय काढलाच, ‘‘मिस्त्री म्हनत्यात, चिमनी बुजवलीय म्हनून.’’

ठेकेदार हसला. ‘‘मिस्त्री मोठे आहेत, मी काय बोलू? चिमणी उघडी आहे. निखाऱ्याची हवा वर जातेच. ताईंना बाळंतपणाचा अशक्तपणा, दुसरं काय.’’

अण्णा होकारार्थी मान हलवत होते. मी उठलो होतो, कौसाने माझ्या शर्टाची बाही धरून खाली बसवलं. बारशाच्या मांडवात भांडण नको म्हणून मी बसलो आणि दातओठ खात राहिलो.

पाळण्याच्या खोलीतून रोहिणी बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. बाळ कौसाच्या मांडीवर दिलं. मग अंगणातल्या चुलीपाशी गेली, शेगडीत निखारे भरले आणि ती शेगडी चिमट्याने धरून सगळ्या पाहुण्यांच्या मधून चिमणीखालच्या त्या खोलीत नेली. आत बाज अजून तशीच होती. बाजेखाली शेगडी सरकवून ती दारात येऊन उभी राहिली.

‘‘दादा, या,’’ ती ठेकेदाराला म्हणाली. ‘‘आत बसा.’’

त्याला आधी कळलं नाही. ‘‘मी?’’

‘‘व्हय. बाजंवर पडा निवांत. पंगत उठस्तवर. दार मी लावते, घोंगडीबी लावते. वारं न्हाई लागनार.’’

काही बायका हसल्या. रोहिणी हसत नव्हती.

‘‘ताई, चेष्टा करता का गरिबाची?’’

‘‘चेष्टा कशाला? चिमनी उघडी हाय ना? हवा वर जाते ना? मी चार दिस पडले हुते, लेकराला घिऊन. तुमी घटकाभर पडा.’’

ठेकेदार उठला, दारापर्यंत गेला. सगळा मांडव बघत होता, न जाऊन करतो काय? त्याने आत डोकावलं. बाजेखाली निखारे फुललेले. त्याने वर जाळीकडे बघितलं. त्याचा पाय उंबऱ्यावर आला आणि तिथेच राहिला.

‘‘मला पुढं साइटवर जायचंय,’’ तो म्हणाला.

अण्णा खुर्चीवरून उठले. ते त्या पायाकडे बघत होते. हळूच म्हणाले, ‘‘बसा की साहेब. मी बी येतो तुमच्या संगं. दोगं बसू.’’

‘‘अण्णा, तुम्ही पण...’’ ठेकेदाराने पाय मागे घेतला.

‘‘तुमाला ठावं हुतं,’’ अण्णा म्हणाले. आवाज चढला नव्हता. ‘‘पोरगी निजली हुती खाली. दवाखान्यातनं मी तुमाला फोन केला, तवाबी ठावं हुतं.’’

ठेकेदार गाडीकडे निघाला. चालताचालता पळायलाच लागला, गॉगल मांडवात पडला तरी वळला नाही. अण्णा माझ्याकडे आले.

‘‘मिस्त्री, पहार कुठंय तुमची?’’

कामाची हत्यारं मी त्या दिवशी तिथेच, भिंतीला टेकवून ठेवून गेलो होतो. उठून पहार आणली आणि त्यांच्या हातात दिली. ती त्यांना चिमणी पाडायला हवी होती, हे ते शिडीकडे वळले तेव्हा मला कळलं. देताना ती कोणावर उचलणार हे मी विचारलं नव्हतं.